दामूचा वाटा

घरात ऐकणारं कुणी नसलं की किस्से साठत जातात. माझ्याकडे तर फार साठलेत. ठाकुर्लीच्या आमच्या कट्ट्यावरचे हे त्यातले थोडे.

*

मानसशास्त्र शिकणारी ऋचा ठाण्याहून आमच्याकडे आली. फोनमुळे म्हाताऱ्यांचं एकटेपण कमी होतं का, हे तिला तपासायचं होतं. आमच्यातल्या अर्ध्यांना महिनाभर रोज संध्याकाळी तिचा फोन येणार, अर्ध्यांना नाही. चिठ्ठ्या टाकल्या. खाडीकाठचा माझा दोस्त दामू, त्याला फोन निघाला. मला कोरी.

"पोरी, माझी चिठ्ठी याला दे," दामू म्हणाला. "माझे घरान पोरांचा गोंधल हाय. याचे घरान नुसत्या भिंती!"

"आजोबा, आपण निवडून दिलं की तपासणी खोटी होते. नशिबानंच ठरायला हवं."

"राहू दे दामू," मी म्हटलं. "नशीब माझ्या ओळखीचं आहे!"

*

बँकेतून रिटायर झालेले नेनेसाहेब म्हणाले, "फोनमुळेच फरक पडला, हे कशावरून?"

ऋचा म्हणाली, "आधी धरायचं, फोनचा काहीच उपयोग नाही. मग बघायचं, तसं असताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक पडणं किती कठीण आहे. फारच कठीण असेल, तर फरक सिग्निफिकंट."

"बिचाऱ्या फोनला आधीच बिनकामाचा का धरायचं?" मी विचारलं.

"आरं, सासरा जावयाला तसाच धरतो!" दामू म्हणाला.

*

तिनं सगळ्यांना आधी प्रश्न विचारले, तेच महिन्यानं पुन्हा विचारणार होती. 'एकटं वाटतं का?'

"खरं लिहायचं?" नेनेसाहेबांनी विचारलं.

"अगदी खरं."

"मग बायको भाजी घेऊन येण्याआधी लिहितो!"

मी 'नेहमी'वर खूण केली आणि कागद उलटा ठेवला.

*

दामूची एक सवय. खाडीची मासळी घरी आली की माझा वाटा आधी निघतो. तर पहिल्याच संध्याकाळी त्याचा फोन!

"पोरीचा फोन आल्ता. तिनं इचारलं, जेवलास काय? म्हनून मी तुला इचारतो, तू जेवलास काय?"

मग रोजच. ती काय बोलली, ती कशाला हसली, सगळं. ज्यांना फोन यायचा, त्यातले बरेचजण असंच करत होते, हे मागाहून कळलं.

*

महिना संपला. ऋचा आली ती तोंड पाडून.

"फरक सिग्निफिकंट नाही. फोन न आलेल्यांचं एकटेपणही तेवढंच कमी झालंय. कसं काय?"

सगळे चपलांकडे बघू लागले.

"आमी यांना तुझे फोनचा वाटा दिला," दामू म्हणाला.

तिनं कपाळाला हात लावला. मग हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले. "आजोबा, औषध दोन्हीकडे वाटलंत! आता हेच लिहिते. खरं तेच लिहायचं ना!"

*

दुसऱ्या दिवसापासून तिचे फोन बंद. संध्याकाळ झाली. मी दिवा लावला, भात टाकला, खुर्चीत बसलो. फोन वाजला. दामू.

"आज पोरीचा फोन नाय. सांगाला कायच नाय."

"नसू दे."

मी फोन कानाशीच धरला. मागे त्याची नातवंडं भांडत होती, सून ओरडत होती, भांडं पडलं.

"मी आंघोलीला जातो," दामू म्हणाला. "फोन हितंच ठेवतो. तू कापू नको."