सांभाळायला घेतलेला पासपोर्ट

हॅमिल्टनला तीन लॅटिन अमेरिकन वकील मिळून स्थलांतरितांना फुकट कायदेशीर मदत द्यायचे. त्यातली कोलंबियाची बाई माझं निवेदन तिसऱ्यांदा खोडू लागली, तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. 'ते रापा' या तिथल्याच औद्योगिक भागातल्या वर्कशॉपचा माझा मालक पासपोर्ट देत नव्हता आणि मला वडिलांच्या ऑपरेशनला पुण्याला पोहोचायचं होतं.

'साहेबांनी पासपोर्ट सांभाळायला घेतला,' असं मी लिहिलं होतं. बाई बूट काढून पाय हीटरजवळ धरायची, पेन्सिल दातात चावत वाचायची आणि नेमकी 'सांभाळायला'वर काट मारायची.

"परत मागितलास?"

"चार वेळा. तू तो हरवशील म्हणाले. माणूस तसा वाईट नाही हो."

तिने कपाळाला हात लावला. "तो चांगला आहे हे त्याचा वकील सांगेल. तू कशाला फुकटात त्याचं काम करतोस?"

मी रागारागाने लिहिलं, 'पासपोर्ट काढून घेतला. मागूनही देत नाही.' तिने पेन्सिल खाली ठेवून सही घेतली.

मालकाला तिचं पत्र गेलं आणि आठवड्यात पासपोर्ट आला. वडील शुद्धीवर आले तेव्हा मी समोर होतो. त्या बाईला मात्र निघताना मी साधं थँक्यूही म्हणालो नव्हतो.