टाकीवरचा कठडा

हे मी परवापरवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला तर अजूनही नाही — आणि आमच्याकडे भाजीचा भावसुद्धा लपत नाही. आज मात्र सांगून टाकणार आहे. मध्येच फाटे फोडायला लागलो, तर समजा की जुनी खोड आहे.

एका तेल कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात मी हिशेब बघतो. टाक्या, पंप, पाइपलाइन — ज्या वस्तू विकायच्या नसतात, वापरायच्या असतात, त्या स्थिर मालमत्तेचा हिशेब. वापरून वस्तू झिजते, म्हणून दरवर्षी तिची किंमत थोडी उतरवायची. हाच घसारा. टाकीचं आयुष्य पंचवीस वर्षं धरलं, तर दरवर्षी पंचविसावा हिस्सा खर्ची टाकायचा. नव्या पोरांना मी हे झकास शिकवतो. शेवटी बजावतोही — कागदावरचा घसारा आणि लोखंडावरचा गंज यांचा मेळ बसतो का, ते वर्षातून एकदा प्रत्येक वस्तूपाशी जाऊन डोळ्यांनी बघायचं.

आणि मी? मी काय करत होतो?

मला उंचीची भीती वाटते. हसलात तरी चालेल. नांदगावकडे आमचा डेपो आहे. तिथल्या टाकीला बाहेरून गोल जिना आहे आणि छपराला कठडा. चार पायऱ्या चढलो की मी परत खाली उतरतो. तिथले ऑपरेटर सलीमभाई दर खेपेला वरून हाक मारायचे, कठडा गंजलाय, बघून जा म्हणायचे. मी खालूनच मान वर करायचो आणि लिहायचो — पाहिले, सुस्थितीत. खरं तर कठडा टाकीच्या आधी झिजतो. त्याचं आयुष्य वेगळं धरून त्याला बाद ठरवणं माझंच काम होतं. पण आमच्या पुस्तकात टाकी आणि कठडा एकच, आणि टाकीला अजून बरीच वर्षं होती. सलीमभाईंनी नवा कठडा दोनदा मागितला. दोन्ही वेळा माझा शेरा दाखवून मागणी परत आली.

मग एका सकाळी तेलाची पातळी मोजायला ते वर गेले आणि कठड्यासकट जिन्याच्या टप्प्यावर कोसळले. खुबा मोडला. तेव्हापासून ते काठी घेऊन चालतात.

इथपर्यंत माझा भित्रेपणा होता. याच्या पुढच्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

चौकशीत सलीमभाईंनी सरळ सांगितलं, साहेब कधी वर आलेच नाहीत. मला विचारलं गेलं, वर गेला होतात का?

"हो," मी म्हणालो. "दरवर्षी."

एवढ्यावर थांबलो? नाही. कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो की कठडा पक्का होता, यांनाच रेलून उभं राहायची सवय आहे. सलीमभाईंच्या नावावर निष्काळजीपणा लागला, वर खोटारडेपणाही. मी नाशिक रोडला घरी आलो, पोटभर जेवलो. झोपही लागली. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

याला कितीतरी वर्षं झाली. मागच्या सोमवारी खरं काय ते मी कंपनीला लेखी दिलं. आता व्हायचं ते होऊ दे. रविवारी नांदगावला गेलो. सलीमभाई घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"मला तर माहीतच हाय, साहेब," ते म्हणाले. "पण घरातबी तुमचंच खरं धरलं. बायको अजून म्हणते, नीट उभं राहिला असता तर."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, भाभींना बाहेर बोलवा. त्या येऊन दारात उभ्या राहिल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं — मी एकदाही वर गेलो नव्हतो, कठडा सडलेला होता, मी खोटं बोललो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याशेजारी जाऊन ओट्यावर बसल्या.