एक छेद चार
श्रावणात गिरणीवरून जाताना गरम पिठाचा वास आला की मला पारोळ्याजवळच्या आमच्या घरातला एका वर्षीचा कानबाईचा सण आठवतो. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आईने घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतले आणि दळून आणायला डबा माझ्या डोक्यावर दिला. सणाला आलेले काका म्हणाले होते, पुढच्या जूनपासून तुमच्यातल्या एकाला शिकायला जळगावला माझ्याकडे नेतो, एक खोली रिकामी आहे, चिठ्ठ्या टाका. घरात शिकणारी आम्ही चौघं, तीन चुलतभाऊ आणि मी. शाळेत सरांनी नुकतंच शिकवलं होतं की संभाव्यता म्हणजे साधा अपूर्णांक, वर आपल्याला हवी ती चिठ्ठी, खाली सगळ्या चिठ्ठ्या. गिरणीच्या रांगेत मी एक छेद चार, एक छेद चार असं घोकत राहिले. पाव म्हणजे काही कमी नाही, असं वाटत होतं. घरी आले तर आजोबांच्या टोपीत तीनच चिठ्ठ्या. "आबा, मनी चिठ्ठी कोठे शे?" मी विचारलं. ते हसले. "तू पोरगी शे. तुनं नाव कसाले टाकानं?" आईने माझ्याकडून डबा घेतला आणि पीठ चाळायला बसली. ज्याची चिठ्ठी निघाली तो भाऊ जूनमध्ये गेला आणि करमत नाही म्हणून दिवाळीला परत आला. काकांकडची ती खोली मग रिकामीच राहिली. आज धुळ्यात मी संभाव्यतेचा हाच धडा शिकवते, आणि मुलांनी घाईघाईने अंश लिहिला की माझा आवाज चढतो, अरे, आधी खाली कोणाकोणाला मोजलंय ते बघा!