सुभेदारांची घंटा

शनिवारी सकाळी वेशीजवळच्या मारुतीच्या सभामंडपात पाऊल ठेवले की शेंदूर आणि तेलाच्या चिरपरिचित गंधात आणखी एक वास मिसळलेला असतो. तो वास पितळ उजळण्याच्या पॉलिशचा. उग्र, किंचित नाकाला झोंबणारा, छावणीतला. देवळात तो शोभत नाही असे एखाद्या कर्मठास वाटेल. मला मात्र तो आता धुपाइतकाच पवित्र वाटू लागला आहे. मान वर करून पाहावे तर तुळईला टांगलेली घंटा कोवळ्या उन्हात सोन्यासारखी झळकत असते, आणि खाली पायरीवर आमचे सुभेदार गुडघ्यावर फडके पसरून हात पुसत बसलेले असतात. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला. पट्ट्याचे बक्कल उजळण्याची सवय तेवढी या घंटेवर येऊन विसावली आहे.

या घंटेचे एक व्रत आहे. चिखलीकडून उंद्रीच्या अंगाला जाताना लागणाऱ्या आमच्या या गावातून पिढ्यान् पिढ्या माणसे पलटणीत गेली. रजेवर आलेल्या शिपायाने आधी घर गाठायचे नाही. वेशीवरच्या मारुतीपुढे वाकायचे, घंटा वाजवायची, आणि मगच गावात शिरायचे, असा आमच्याकडचा परिपाठ. त्या नादाने घराघरांतल्या माउल्या हातातले पीठ तसेच ठेवून ओट्यावर येत. कोणाचा आला हे कळण्यापूर्वी कोणीतरी सुखरूप आला हे कळे, आणि तेवढ्यावरच सारे गाव क्षणभर निश्चिंत होई. सुभेदारांच्या आई त्यांच्या शेवटच्या रजेपूर्वीच निवर्तल्या. तरीही त्या खेपेस त्यांनी घंटा वाजवली होती, आणि ओट्यावर त्यांची वृद्ध आत्या येऊन उभी राहिली होती.

अशा या मनुष्याने एके वर्षी विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली. का, असे मी विचारले नाही. पांदण रस्त्यांच्या चिखलात रुतलेली बाळंतिणीची गाडी त्यांनी स्वतः खांदा लावून काढली होती, हे मला ठाऊक होते. चिन्ह मिळाले किटली. उमेदवाराने मात्र निश्चय केलेला, की मतदाराला चहाचा घोटही पाजायचा नाही. मग काय, थट्टेला ऊत आला. आत्याबाई तर भर पारावर कडाडल्या, "काऊन रे, किटली घेऊन उभा राह्यला अन् घोटभर चहाले महाग?"

"आत्या, चहा पाजला तं मत माहं होईन. मले तुहं मत पाह्यजे."

"तुहं तत्त्वज्ञान राहू दे. साखर नसन घरात तं तसं सांग!"

प्रचारही त्यांचा तसाच. ना भोंगा, ना मोटारींचा ताफा. पाच-सहा निवृत्त सैनिक, पांढरे स्वच्छ सदरे, आणि एका रांगेत चाललेली ती मूक पावले. एका गावात तर ही शिस्तबद्ध रांग दुरून पाहून वीजचोरी पकडणारे पथकच आले अशी बोंब उठली, आणि लोकांनी धावत जाऊन तारांवरचे आकडे भराभरा काढले. गल्लीतले सगळे दूरदर्शनसंच एकदम मुके झाले. सुभेदार म्हणाले, "चला, भोंग्याविनाच शांतता झाली!" आणि त्या शांततेत त्यांनी आपले म्हणणे मांडले. लोकांनी पुष्कळ दिवसांनी एखाद्या उमेदवाराचे बोलणे आरंभापासून अखेरपर्यंत ऐकले.

परंतु खरी कसोटी घरची होती. आमच्याच गावचे एक मोठे बागायतदार दुसऱ्या एका बलाढ्य उमेदवाराचे इथले कारभारी होते. सुभेदारांचे बालमित्रच ते. पारावर मिशीत हसून म्हणाले, "सुभेदार, पलटनीत हुकूम चालते, इथं पंगत चालते. मतदारसंघाचं सोड, या वेशीच्या आतच तुले मतं भेटत नाहीत."

सुभेदारांनी क्षणभर घंटेकडे पाहिले. "मतदारसंघ हरलो तं दुःख नाही. पन या गावानं जर मले पाठ दाखवली, तं या घंटेले मी पुन्हा हात लावनार नाही."

गावात पोथी-पुराण सांगणारा मी शेजारीच पोथी बांधत होतो. माझे हात थबकले. आमदारकी ही येणारी-जाणारी वस्तू. परंतु घंटा वाजवून गावात शिरण्याचा अधिकार ज्याने आयुष्य पणाला लावून मिळवला, त्याने आज तोच पणाला लावला होता. त्या दिवसापासून निवडणुकीत माझ्यासारख्या विरक्त म्हणवणाऱ्या मनुष्याचाही जीव गुंतला.

मतदान जवळ आले आणि बागायतदारांच्या खळ्यावर शनिवारी दुपारी सबंध गावाला पंगतीचे आवतण मिळाले. आमच्या मुलखात अन्नाची आण फार मोठी. भाषणे माणसे विसरतील, घोषणा विसरतील; पण ज्याच्या पानावरचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध बोट उठवायला इथला माणूस आजही कचरतो. आणि शेजाऱ्याचे आवतण नाकारणे हा तर त्याहून मोठा अपराध. जेवावे तर सुभेदार जातात, न जेवावे तर शेजारधर्म जातो. शुक्रवारी सायंकाळी आत्याबाई काठी टेकीत माझ्याकडे आल्या. मागे बरीच मंडळी, अवघडल्यासारखी उभी.

"गुरुजी, उद्या काय हाय?"

"शनिवार. पंचांगात विशेष काही नाही."

"विशेष नाही म्हन्जे? मारुतीचा वार नोय का? उपास धरला तं चालते का नाही चालते, तेवढं सांगा."

मी पंचांग मिटले. नसलेली तिथी मी सांगितली नसती. परंतु आपणहून अन्न सोडणाऱ्याला कोणत्या शास्त्राने आजवर अडवले आहे? म्हणालो, "चालते. मनापासून धरला तर कोणत्याही दिवशी चालतो."

दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजल्याचा खमंग दरवळ गावावरून वाहू लागला. सोबत वांग्याच्या भाजीचा रस्सा. देवालाही मोह पडावा असा तो वास! आणि त्या वासाखाली अख्खे गाव उपाशी. आवतणाला मान म्हणून सारे खळ्यावर गेले, हात जोडून म्हणाले, "भाऊ, आज शनवार हाय," आणि परतले. ज्यांनी जन्मात कधी एकादशी पाळली नव्हती असे पहिलवानही गंभीर मुद्रेने शेंगदाणे चघळीत पारावर बसले होते. गाद्या भरणारे आमचे वयोवृद्ध पिंजारी चाचा तेवढ्यात खळ्यावर आले. बागायतदारांनी त्यांचा हात धरला, "चाचा, तुमचा तं मारुती नाही ना? तुमी तरी बसा."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "आपला नफिल रोजा हाय, मालक. ऐच्छिक असते तो, मनात आलं तवा ठेवा. आज मनात आलं."

बागायतदार, हे मी त्यांच्या थोरपणासाठी सांगतो, स्वतःच मोठ्याने हसले. म्हणाले, "या गावाले देव आजच बरा आठवला!" सायंकाळी घरोघर भगर शिजली. सुभेदार त्या दिवशी दूर रोहिणखेडच्या बाजूला एका जुन्या सोबत्याच्या घरी अंत्यविधीस गेले होते. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, आणि त्यांना कोणी काही सांगितलेही नाही.

सुभेदार निवडणूक हरले. चांगलेच हरले, मतदारसंघ मोठा, आणि पांढऱ्या सदऱ्यांची रांग सर्वत्र पोहोचली नव्हती. मतमोजणीच्या दिवशी तालुक्याहून विजयी मिरवणुकीचे फटाके ऐकू येत होते. कार्तिकातले ऊन तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यावर पसरले होते, आणि फाट्यावर उतरून पायवाटेने एकटेच येणारे सुभेदार आम्हाला दुरून दिसले. अवघे गाव वेशीत उभे होते. ते आले, थांबले, नजर खाली.

"काऊन थांबला बे?" आत्याबाई म्हणाल्या. "घंटा वाजव."

"आत्या, हरलो ना मी."

"ते तालुक्याले सांग. तू इथं काय म्हनला होता? गावानं पाठ दाखवली तं हात लावनार नाही. आपल्या गावच्या पेटीत काय निघालं, ते तुह्यासमोरच मोजलं ना?"

"हाव." त्यांनी मान वर केली. "सगळी किटलीच निघाली, आत्या. इकडंतिकडं थोडीशी सोडली तं सगळी."

"मंग? उपाशी राहून देल्ली हायत. वाजव!"

तेव्हा कुठे त्यांना त्या शनिवारची हकीकत समजली. चाचांनी सांगितली, पहिलवानांनी सांगितली, आणि सर्वांत रंगवून सांगितली ती बागायतदारांनीच. सुभेदारांनी पायातले जोडे काढले, मारुतीपुढे वाकले, आणि मग ताठ उभे राहून त्यांनी घंटेची साखळी ओढली. रजेवर आलेल्या कोवळ्या शिपायाच्या जोमाने ओढली. तो नाद तुरीच्या शेतांवरून पार ओढ्यापलीकडे गेला. ओट्याओट्यांवर बाया बाहेर आल्या. विजयाचे पुष्कळ घोष मी या आयुष्यात ऐकले आहेत. इतका निःशंक घोष दुसरा ऐकलेला नाही.

त्या निवडणुकीतला गुलाल केव्हाच धुऊन गेला. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूने काढलेली किटली अजून अंधुकशी दिसते. दर दिवाळीला चुना मारणारे तिच्याभोवतीने कुंचला वळवून जातात, कोणी तसे सांगितलेले नसताना. आत्याबाई आता नाहीत. पांदण रस्त्यावर खडी पडली आहे, तीही सुभेदारांनी आमदार न होता पाठपुरावा करून पाडून घेतलेली. आणि गावात कितीतरी घरी आता शनिवारचा उपवास कायमचा रुजला आहे. नव्या सुनांना त्याचे कारण विचाराल तर त्या सांगतील, आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आला आहे. मी ते खोडून काढीत नाही. श्रद्धेचा उगम शोधीत गेले तर वाटेत बहुधा अशीच एखादी माणुसकीची गोष्ट लागत असावी.

आज सकाळीही दर्शन घेऊन मी साखळी ओढली. घंटेचा नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहिलो. पायरीवरून सुभेदार म्हणाले, "गुरुजी, साखळीवरचं पॉलिश ओलं हाय अजून, हात खराब होतीन तुमचे." मी हसलो आणि तोच हात तीर्थासाठी पुजाऱ्यापुढे धरला.