तिला शिकवायचं नाही

"तिला काही शिकवायचं नाही," जेद्द्यातल्या आमच्या कंपनीचा मालक मला म्हणाला. सौदी माणसं नेमायची सरकारी सक्ती आली म्हणून ती मुलगी घेतली होती. तिने घरी बसून पगार घ्यावा, एवढंच त्याला हवं होतं. ती मात्र रोज यायची, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढायची आणि विचारायची, "बंदरातून कंटेनर सोडवायचा कसा?"

माझा इकामा, म्हणजे या देशात राहायचा परवाना, मालकाच्या मर्जीवर. शिवाय ती शिकली की माझी खुर्ची तिचीच, हे मला दिसत होतं. त्या दिवशी मालक काचेआडून टक लावून बघत होता. माझं डोकंच फिरलं. माणूस नेमायचा आणि रिकामा बसवायचा, ही कसली रीत? मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

पहिली पायरी शिकून तिने हळूच विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

मी दुसरी पायरी सांगितली.