दुधाच्या डब्यातली चार चाकं

शकीलचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून पंख्याला शिव्या घालत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच बोलला. मी "कधी?" विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि हातातली पक्कड समोरच्या भिंतीवर भिरकावली. तळहाताएवढा गिलावा खाली आला. बायको धावत आली, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि केरसुणी आणायला गेली. माझं हे असंच आहे. आधी राग येतो, बाकी सगळं मागनं. रडू आलं ते दोन दिवसांनी, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना, भर चौकात. आज महिना उलटून गेला. भिंतीवरचा तो खड्डा मी अजून बुजवलेला नाही.

शकीलचा बाप, इस्माईलभाय, रायगडच्या किनाऱ्यावरचा, मी नाशिकचा. कुवेतला शुवैखच्या गॅरेजांच्या वस्तीत आम्ही एकाच छपराखाली अकरा वर्षं काम केलं. तो मोठा मिस्त्री, मी वेल्डर. ओळख झाली ती कानफटात बसून. इराकचं युद्ध संपून दुसरं वर्ष चालू होतं, मी नवा नवा आलेलो, आणि पहिल्याच दिवशी एका उघड्या पेट्रोलच्या टाकीपासून चार हातांवर वेल्डिंग पेटवायला निघालो होतो. मागून अशी सणसणीत बसली की कानात शिट्टी वाजायला लागली. मी उलटून मूठ उगारली, तर समोर हा पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस. म्हणाला, "मार. पण आधी टाकीचं झाकण लाव." झाकण लावेपर्यंत माझा राग गेला. असा माणूस.

त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं सरळ होत नसत. इराकी शिपाई गॅरेजात शिरले तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या किल्ल्या त्याने मुठीत धरून ठेवल्या होत्या. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या गाड्या, देणार नाही म्हणाला. त्यांनी मूठ टेबलावर ठेवून बंदुकीच्या दस्त्याने ठेचली. किल्ल्या गेल्या, गाड्या गेल्या, बोटं गेली. हे तो जेवताना सांगायचा, भाताचा घास कालवता कालवता, आणि मग म्हणायचा, "आमटीला मीठ कमी आहे रे." मला हसावं की ताट फेकावं कळायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. गॅरेजचा मालक हाच आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा पुतण्या होता मॅनेजर. एका दुपारी कुठल्याशा गाडीला उशीर झाला म्हणून त्या पुतण्याने इस्माईलभायला सगळ्यांदेखत चप्पल फेकून मारली. ती त्याच्या तोंडावर लागली. मला पुढचं नीट आठवत नाही. पुतण्याच्या नाकाचा आवाज तेवढा आठवतो... आणि माझ्या बनियनवरचं त्याचं रक्त. दोघांनी ओढून काढेपर्यंत मी त्याचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटत होतो. मग मखफर, म्हणजे तिथलं पोलीस ठाणं. तिथे मलाही यथास्थित हाणलं. चौथ्या दिवशी हवालदाराने बोट नाचवत सांगितलं, तुला विमानात बसवणार, बोटांचे ठसे घेऊन, आखातात पुन्हा पाऊल नाही. नाशिकला माझ्या वडिलांना अर्धांग झालेलं, दोन बहिणी लग्नाच्या. मी कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं. दुसरं कोणी आपटायला नव्हतं.

मला सोडवलं ते एका बर्फगाडीने. हसू नका. मालकाचा लेबनॉनच्या डोंगरात बंगला होता. तिथे हिवाळ्यात तो बर्फावरची स्कूटर पळवायचा. पुढे दोन पट्ट्या घसरायला, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा. गाडी जुनी, इंजीन झकास, पण मागचं सस्पेन्शन असलं दणके देणारं की मालकाची कंबर कामातून गेली होती. नव्या मॉडेलचं मागचं सस्पेन्शन त्याने मागवलं, पण जुन्या गाडीत ते बसवून द्यायला कोणी तयार होईना. शेवटी दोन्ही जहाजाने कुवेतला आलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं. इस्माईलभाय मालकाच्या दिवाणखान्यात जाऊन उभा राहिला. "मी बसवतो. पण माझा वेल्डर मला पाहिजे. गाडी चालली की केस मागे घ्यायची." मालक म्हणाला, चालली तर. तोवर मी जामिनावर. पुतण्या म्हणे नाकावरची पट्टी दाबत नुसता हसला. तेव्हा गाडी चालली नाही तर मी विमानात, एवढा सरळ हिशोब होता.

बर्फ आम्ही दोघांनीही फ्रीजच्या बाहेर पाहिलेला नव्हता! तरी लागलो. सीटखालच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत ते नवं धूड बसवायचं, जुनी भोकं कुठे जुळेनात. सुतळीने मापं घेतली, आतून जाड पत्र्याची ठिगळं रिबिटांनी ठोकली, नवी भोकं पाडली. स्प्रिंगा अंगठ्याएवढ्या जाड, नुसत्या चवताळलेल्या. एक मी पाइपाने ओढून खाचेत बसवत होतो, ती निसटली आणि इस्माईलभायच्या भुवईवर बसली. हाड दिसलं. त्याने फडकं बांधलं, तीन भाषांत स्प्रिंगच्या आईबापांचा उद्धार केला, आणि "पुन्हा ओढ" म्हणाला. रक्त डोळ्यात उतरत होतं, हा पुसत होता आणि पाना फिरवत होता.

आणि मग मी ती माती खाल्ली.

सस्पेन्शनला खाली दोन लांब रुळ होते, त्यांच्या तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या. रबरी पट्टा त्यांच्यावरून घसरत फिरतो. शिवाय रुळांना चार छोटी रबरी चाकं. माझी दोन भोकं अर्ध्या बोटाने चुकली होती, त्यामुळे पट्टा फिरवला की त्याचे दाते चाकांना घासत. ठिगळ उखडून पुन्हा पाडायची तर सगळं खोला. शुक्रवार होता, इस्माईलभाय नमाजाला गेलेला. मी म्हटलं, पट्टा प्लास्टिकवर घसरतोच आहे, ही खेळण्यातली चाकं हवीत कशाला? चारी काढली, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा माझ्या हत्यारांच्या तळाशी. तो परत येईपर्यंत पट्टा लोण्यासारखा फिरत होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे परकाश. सुटलास." मी त्या थापेखाली उभा राहिलो आणि गप्प बसलो.

चाचणी जहरा गावाच्या पलीकडे, वाळूत. हिवाळ्यातली सकाळ होती. निघताना इस्माईलभाय मला म्हणाला, "काही झालं तरी हात खिशात. तुझा हात उठला तर माझं सगळं पाण्यात." गाडीवर तोच बसला. मालक आणि पुतण्या जीपपाशी. गाडी सुटली, काय सुटली! मालकाने टाळ्या वाजवल्या. दोन-तीन फर्लांग गेली असेल, तोच जळक्या प्लास्टिकचा वास आला, मागून निळा धूर, आणि पट्टा एका क्षणात जाम. गाडी जागच्या जागी थांबली, तो नाही थांबला. हँडलवरून उडाला आणि खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या लांबून आला, देवाशपथ आला.

आम्ही पोचलो. मालकाने गाडी कलती करून खाली पाहिलं. त्याला बर्फ ठाऊक होता. अरबीत विचारलं, "चाकं कुठायत?" आणि जे आम्हाला माहीत नव्हतं ते भडाभडा बोलला. बर्फात ते प्लास्टिक ओलं राहतं, थंड राहतं. कोरड्या जमिनीवर भार घेतात ती चाकं. चाकं नसली तर प्लास्टिक वितळून पट्ट्याला चिकटणारच. मी तोंड उघडलं. इस्माईलभाय वाळूत पडलेला, त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि म्हणाला, "मी विसरलो लावायला. माझी चूक." पुतण्या वाटच बघत होता. त्याने बुटाने सुरुवात केली. आधी बरगडीत, मग मोडक्या खांद्यावर, एकदा, दोनदा, पाचदा. इस्माईलभाय ओरडत होता आणि ओरडण्यातून मला म्हणत होता, "खिशात! हात खिशात!" माझी नखं मांडीत रुतली होती. मालकाने "खलास, पुरे" म्हणून त्याला ओढेपर्यंत मी तसाच उभा. मारलेल्या हातांची आयुष्यात कधी वाटली नाही एवढी लाज मला त्या दिवशी खिशातल्या हातांची वाटली.

मालकाने शब्द मोडला नाही, मुदत दिली. पुढचे तीन आठवडे इस्माईलभाय गळ्यात झोळी बांधून स्टुलावर बसून सांगत होता, मी खोलत होतो, नवी भोकं पाडत होतो. डबा बाहेर काढायची माझी छाती झाली नाही, पण जुन्या सस्पेन्शनची थोरली चाकं त्यात चपखल बसली. गाडी लेबनॉनला गेली, चालली, केस मागे घेतली गेली. ज्या दिवशी त्याची झोळी सुटली, त्या दिवशी त्याने खांदा दोनदा फिरवून पाहिला आणि मला दुसरी कानफटात दिली. "ही चाकांची," म्हणाला. दुधाचा डबा त्याच्या बाकावर होता. कधी सापडला होता कुणास ठाऊक. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही. मीही नाही. बहिणींची लग्नं झाली, वडिलांचं दुखणं निभावलं, घर झालं. सगळं त्या एका खोट्यावर.

परवा मी त्याच्या गावी जाऊन आलो. बापाने गावी परतून काढलेलं गॅरेज शकीलने चालवायला घेतलंय, चांगला हात आहे पोराचा. बाकाच्या वर फळीवर तोच डबा. मी बघतोय म्हटल्यावर त्याने उतरवला, चार चाकं माझ्या पुढ्यात ओतली. "अब्बा म्हणायचे, सगळ्या आयुष्यात एकदाच विसरलो, ही चार चाकं. काम शिकवताना सगळ्यात आधी हा डबा दाखवायचे. बापासारखी चूक करू नको म्हणायचे." आणि हसला, जरा ओशाळून, बापाच्या वतीने. बापाच्या वतीने ओशाळला तो, माझ्यासमोर! माझा हात चहाच्या कपावर होता. मी तो काढून खिशात घातला... आणि पुन्हा गप्प बसलो.

शकील, ती चाकं तुझे अब्बा विसरले नव्हते. मी काढली होती, ते नमाजाला गेले असताना. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, जमलं नाही. नाशिकचं घर तू पाहिलेलं आहेस. ये, आणि तिसरी कानफटात तू दे. मी हात खिशात ठेवीन.