भिकाजीचे जपानी पथ्य

गोव्यातल्या सर्वण गावच्या भिकाजी गावसाने नोकरीभर खाणीच्या वजनकाट्यावर लोहखनिजाच्या मातीचे ट्रक तोलले. ती माती बार्जमधून जहाजात आणि जहाजातून जपानात गेली, एवढ्या संबंधावर तो जपानला आपला व्याही समजत असे. "अर्धी दिवचल थंय पावयल्या आमी," असे तो आपल्या डिचोली तालुक्याबद्दल ऐटीत सांगे. बदल्यात जपानने काय दिले, असे कोणी विचारले की मात्र त्याला खोकला येई.

मग त्याच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन नीट झाले, पण वर्ष होत आले तरी अंगावर मांस धरेना. विजार दोरीने आवळून तो अंगणात फिरे आणि स्वतःलाच म्हणे, "बुजगावण्याची नोकरी तरी मेळटली." वरवर थट्टा होती. दुखणे परत आले तर आपण वाचत नाही, ही आतली भीती होती.

अशात पार्से गावी दिलेली त्याची लेक गौरवी माहेरी आली. तिने मोबाईलवर वाचले होते, की पोटाच्या कॅन्सरमधून उठलेले जे जपानी लोक जुन्या पद्धतीचे जेवतात ते जास्त जगतात, असे काही संशोधकांना वाटते. भिकाजीने कान टवकारले.

"खातात तरी किते?"

"शीत, नुस्ते, दर्यातले शेवाळ, लोणचे. आनी बिनसाखरेची च्या."

शेवाळ ऐकून भिकाजीने परसातल्या विहिरीकडे पाहिले, तेव्हा त्याची बायको कमलाक्षी शांतपणे म्हणाली, "ते न्हय." बिनसाखरेचा चहा त्याने पिऊन पाहिला, पण ते औषध आहे की शिक्षा, हे त्याला ठरवता येईना. राहता राहिले नुस्ते, म्हणजे मासे, आणि तिथेच घोडे पेंड खात होते. ऑपरेशनच्या आधी भेदरून त्याने ग्रामदेवी सातेरीला आंगवण केली होती, की यातून उठवलेस तर जन्मात नुस्ते खाणार नाही. इतर माणसे नवसाला नारळ बोलतात, केळ्यांचा घड बोलतात. ह्या शहाण्याने नेमके आपले पथ्यच देवीला देऊन टाकले होते.

डॉक्टर म्हणाले, जपानचे अजून पक्के काही नाही, पण मासे जरूर खा, अंगाला लागतील.

"नवसार गोळी आसा?" भिकाजीने विचारले. ती नव्हती.

तेव्हा देवीलाच कौल लावायचे ठरले. बुधवारी भटाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले: "माये, तुज्या लेकराक जगपाक नुस्ते जाय. सोडयता जाल्यार उजवी दी." उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काट्यावर कधी कुणाची लबाडी खपवून न घेतलेला भिकाजी, उजवीवर हळूच फुंकर पोचेल का, याचा अंदाज घेत उभा होता. त्याची त्यालाच लाज वाटली. फुंकर न मारताच उजवी पडली.

तो देवळातून थेट बाजारात गेला आणि बांगडे घेऊन आला. कमलाक्षीने तिरफळे घालून त्यांचे हुमण, म्हणजे कालवण, केले. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने त्याचा दोष मिरचीवर ढकलला.

"जपान्यांक हे खंय मेळटा? तूंय वाडून घे गो."

कमलाक्षीने आपल्या ताटात भात घेतला आणि त्यावर सोलांची कढी ओतली.

"आनी बांगडो?"

"तुमका ऑपरेशनाक भितर व्हेले तेन्ना हांवेय आंगवण केल्ली," ती म्हणाली. "तुमी जिवे घरा आयले जाल्यार नुस्ते सोडटले म्हूण."

आपल्याला मोह होऊ नये म्हणून ती घरात मासे आणत नाही, अशी भिकाजीची समजूत होती. देवीपुढे त्याने स्वतःच्या जिभेसाठी आणि जिवासाठी केवढी रदबदली केली, पण तिथे कमलाक्षीचे नावही निघाले नव्हते.

"फाल्या देवळात वचून तुजेय विचारुया," तो म्हणाला.

"नाका. उजवी पडली जाल्यार माका खावचे पडटले. आनी मागीर तुमका किते जाले जाल्यार?"

भिकाजीने मान खाली घातली आणि बांगडा काट्यापर्यंत निवडून खाल्ला, कारण तो आता दोघांच्या वाट्याचा होता.